दोन ओळींचा वाचक

मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका सोसायटीत शिवदास तळवडेकर राहतो. वय त्रेसष्ट, साखर काठावर, गुडघा उजवा. मरोळला यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या ऑफिसात त्याची सगळी नोकरी गेली. पत्रव्यवहार त्याच्याकडे. माल महिनाभर रखडला तरी तळवडेकरचं पत्र असं जायचं की गिऱ्हाइकालाच ओशाळल्यासारखं व्हावं, असं मोठे साहेब म्हणाले होते. साहेब हे एकदाच म्हणाले. शिवदासच्या घरी मात्र ते वाक्य दर दिवाळीला फराळाबरोबर पाहुण्यांसमोर येतं.

पण त्याचं वाचन खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पुस्तकात एखादं चांगलं वाक्य आलं की त्याला पुढे जाता यायचं नाही. पानात बोट घालून पुस्तक मिटायचं, उठायचं, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायचं आणि मग परत येऊन तेच वाक्य पुन्हा वाचायचं, ही त्याची पद्धत. त्याची बायको जयंती कट्ट्याशी पोळ्या लाटत असली तर पाण्याच्या पेल्यांवरून तिला कळायचं, की आजचं पुस्तक बरं दिसतंय. आवडलेली वाक्यं तो कारखान्याने दिलेल्या जुन्या डायऱ्यांत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवायचा. अशा सतरा डायऱ्या कपाटात होत्या. सतरांत मिळून त्याचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरुणपणी दोन कथा त्याने दिवाळी अंकांना पाठवल्या होत्या. त्या इतक्या तत्परतेने परत आल्या, की पोस्टाबद्दलचा त्याचा आदर कायमचा वाढला.

निवृत्तीनंतर मुलीने त्याला फोनवर ब्लॉग वाचायला शिकवलं. तिथे हिंडता हिंडता त्याला ‘तिसरा मजला’ सापडला. लिहिणारी अक्षता, बोरिवलीची, पस्तिशीची, दिवसभर एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी. दर दुसऱ्या गुरुवारी ती एक लेख टाकायची. छोटे छोटे विषय: जिन्यातल्या चपला, शेजाऱ्यांची कुकरची शिट्टी, लॅबमध्ये सुई बघून दुसरीकडे तोंड फिरवणारी दणकट माणसं. शिवदासने पहिला लेख वाचला आणि दोनदा पाणी प्यायला उठला. तेव्हा ब्लॉगला वाचक नऊ होते, त्यातली एक अक्षताची आई. शिवदास दहावा. त्याने खाली तीन परिच्छेदांची प्रतिक्रिया लिहिली, ‘प्रिय अक्षता’पासून ‘मुलुंड (पूर्व)’पर्यंत. तिचं उत्तर आलं: ‘काका, तुमच्यासारखं कुणी वाचतंय म्हणून लिहावंसं वाटतं.’

ते उत्तर त्याने फोनमध्ये जपून ठेवलं आणि जयंतीला तीन वेळा दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अहो, पाठ झालं मला. आता भाजी निवडा.”

दीड वर्ष शिवदास ‘तिसऱ्या मजल्या’चा पहिला वाचक म्हणून मिरवला. नऊजणांना तो मोजायचाच नाही. वाचनालयात, बिल्डिंगच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे तो अक्षताचे लेख वाटायचा. आणि याच वाटण्याच्या भरात त्याने एक लिंक चंद्रप्रकाशला पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चंद्रप्रकाश मयेकर त्याच कारखान्यातला, पण खालच्या मजल्यावरचा. तपासणी खात्यात. तिथे एक लोखंडी माप असतं. बनवलेला भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. तिसरं काही नाही. छत्तीस वर्षं त्याने हेच केलं. त्याचा रिपोर्ट एका शब्दाचा असायचा आणि त्या एका शब्दाचं दीड पानी मधाळ पत्र करणं हे वरच्या मजल्यावर शिवदासचं काम. दोघांची मैत्री त्यातूनच झाली. आता दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर. चंद्रप्रकाशची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसायचा आणि लोकांच्या कुत्र्यांकडे बघायचा. वाचन विचाराल तर पेपर, आणि औषधाच्या पाकिटातला तो बारीक घडी केलेला कागद. शिवदासला त्याची दया आली, हे खरं. आपली पारख किती वरची आहे ते चंद्रप्रकाशने एकदा बघावं, हेही तितकंच खरं.

तो लेख चष्म्याचा होता. अक्षताच्या आईवडिलांचा वाचायचा नंबर एकच, म्हणून घरात चष्माही एकच. सकाळी वडील आधी पेपर वाचणार, आई ताटकळत बसणार, मग चष्मा तिच्याकडे. वडील गेल्यावर आई सकाळी उठते, चष्मा लावते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर सलग वाचते. एवढंच. लेख तिथेच संपत होता.

शिवदासने लिहिलं, की लेख अंतर्मुख करून गेला, शब्दांची वीण घट्ट आहे, डोळ्यांच्या कडा पाणावल्या. आणि आणखी दोन परिच्छेद. संध्याकाळी त्याने उत्तर आलंय का ते बघायला फोन उघडला, तर त्याच्या प्रतिक्रियेखाली नवीन नाव.

‘शिवदासने लिंक पाठवली. आता त्यांना चष्म्यासाठी थांबावं लागत नाही, हेच वाईट आहे. हे तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. – चंद्रप्रकाश’

शिवदास उठला आणि पाणी प्यायला. सवयीने उठला होता. पेला तोंडाला लावल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण कशासाठी उठलो ते. अक्षताच्या लेखासाठी आज तो उठलाच नव्हता.

खाली अक्षताचं उत्तर होतं. ‘काका, हे वाक्य मी लिहून खोडलं होतं. तुम्हाला कसं कळलं?’ आणि शिवदासच्या तीन परिच्छेदांना? ‘धन्यवाद काका.’ पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं. लिहिणाऱ्याचा हेवा त्याने कधी केला नाही. लिहिणारी माणसं वेगळीच असतात, असं म्हणून त्याने ते प्रकरण दिवाळी अंकांच्या वेळीच मिटवलं होतं. पण वाचणं तरी आपलं होतं! सतरा डायऱ्या, चाळीस वर्षं वाचनालयाची वर्गणी. आणि हा गडी औषधाचे कागद वाचून आला काय आणि दोन ओळींत आपल्याला उठवून त्या जागी बसला काय! बरं, बसलाय याची त्याला खबरही नाही.

पुढच्या प्रत्येक लेखाखाली तेच. सुईच्या लेखावर चंद्रप्रकाशने लिहिलं, ‘दणकट माणूस तोंड फिरवतो तेव्हा तुम्ही कुठे बघता ते सांगितलं नाहीत.’ त्यावर अक्षताने पुढचा अख्खा लेख लिहिला. पापडाच्या लेखाखाली त्याने ठणकावलं, ‘शेवटचा परिच्छेद जास्त झाला. पापड तळून झाला होता.’ अक्षताने तो परिच्छेद काढून टाकला! हळूहळू बाकीचे वाचकही विचारायला लागले, की चंद्रप्रकाशकाका अजून आले नाहीत का. शिवदासकाका आलेत का, असं कुणी विचारलं नाही. ते आलेलेच असायचे, साडेनऊच्या ठोक्याला, तीन परिच्छेद घेऊन.

शिवदासने मग एकदा दोन ओळींची प्रतिक्रिया लिहायचं ठरवलं. चार दिवस लागले. लिहून झाल्यावर जयंतीला वाचून दाखवली, तर ती हातातलं काम थांबवून म्हणाली, “कोण गेलं?”

एक दिवस उडप्याच्या हॉटेलात चहा पिताना त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “चंदू, तुला हे सुचतं कसं रे?”

“काय?”

“ते... अक्षताला लिहितोस ते.”

“सुचायचंय काय त्यात? मी लिहितो थोडाच. वाचतो. मग कुठे अडकलो ते सांगतो.” चंद्रप्रकाशने बशीत चहा ओतला. “तूच चांगलं लिहितोस यार. तुझं वाचून मला कळतं, की लेख आवडलाय.”

हा टोमणा असता तर शिवदासला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता, हीच पंचाईत. घरी येताना त्याच्या मनात आलं, याची बायको गेली म्हणून याला जमतंय. दुःख बघितलेल्या माणसाला असलं दिसतं. आणि पाठोपाठ आलं, की जयंती मेली ठणठणीत आहे. रस्त्याच्या मधोमध तो थांबला. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ काका, मरायचंय का?” तेव्हा कुठे तो बाजूला झाला. त्या रात्री जेवताना त्याने जयंतीला न मागता दोनदा आमटी वाढली. तिला काही कळेना.

वैशाखात अक्षताचा शिवदासला मेसेज आला. नंबर त्यानेच तिला पहिल्या महिन्यात देऊन ठेवला होता. तिच्या लेखांचं पुस्तक निघत होतं. शिवदासने वाचायच्या आधीच चष्मा नीट पुसला. पुढे लिहिलं होतं: ‘मलपृष्ठावर कुणा मोठ्या माणसाचा अभिप्राय नको, वाचकाचा हवा असं मी ठरवलंय.’ शिवदास खुर्चीत ताठ बसला. त्याच्या पुढे होतं: ‘चष्म्याच्या लेखावरच्या चंद्रप्रकाशकाकांच्या ओळी घेऊ का? त्यांचा नंबर माझ्याकडे नाही आणि ब्लॉगवर सगळ्यांसमोर विचारलं तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही. तुम्ही मित्र आहात, तुम्ही विचाराल का? पंधरा दिवसांत छापायला जाईल.’

“काय म्हणते पोरगी?” जयंतीने विचारलं.

“चंदूला काहीतरी विचारायला सांगितलंय.”

“मग विचारा.”

आठ दिवस तो रोज संध्याकाळी बाकावर चंद्रप्रकाशच्या शेजारी बसला आणि रोज दुसऱ्याच विषयावर बोलला. आंब्याचे भाव, रस्त्याची खोदाई, गुडघा. नवव्या दिवशी जयंतीने विचारलं, “विचारलंत का त्याला?” आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “विचारलं. नको म्हणाला.” एकदा बायकोला सांगितलं म्हटल्यावर तेच अक्षताला लिहिणं सोपं गेलं. पत्रव्यवहारात त्याचा हात धरणारं कोण होतं? त्याने लिहिलं, की चंद्रप्रकाश स्वभावाने अतिशय संकोची आहे, आपलं नाव कुठेही चारचौघांत आलेलं त्याला मानवत नाही, त्याच्या भावनांचा आपण आदर करू या. खाली त्याने जोडलं, की मलपृष्ठाच्या बाबतीत माझी काही मदत लागली तर निःसंकोच कळवावे.

तिचं उत्तर तासाभरात आलं. ‘समजू शकते काका. मग मलपृष्ठ कोरंच ठेवते.’

शिवदासने ते पाच वेळा वाचलं. कोरं. म्हणजे तळवडेकरच्या तीन परिच्छेदांपेक्षा पांढरा कागद बरा! तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात तसं त्याचं झालं. दुसऱ्याचा घास काढला आणि तो आपल्या तोंडातही पडला नाही.

चौथ्या दिवशी, दुपारी चारला, चंद्रप्रकाश त्याच्या दारात उभा राहिला. एरवी तो वर यायचा नाही, खालून हाक मारायचा. आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिवदासला वाटलं, कुणाच्या दहाव्याला निघालाय.

“शिवा, एक बघ ना जरा.” त्याने खुर्चीच्या कडेवर बसत फोन पुढे केला. “माझ्या सगळ्या गेल्या.”

“काय गेल्या?”

“ब्लॉगवरच्या. मी लिहिलेल्या. चौदा होत्या. मला वाटलं फोन बिघडला, बंद करून चालू केला. तुझ्या आहेत. त्या कोण नाशिकच्या बाई लिहितात, त्यांच्याही आहेत. माझ्याच नाहीत. म्हणजे तिनेच काढल्या ना?”

शिवदासने बघितलं. खरंच नव्हत्या. चष्म्याच्या लेखाखाली आता त्याचे तीन परिच्छेद एकटेच उभे होते. काय झालं ते त्याला क्षणात कळलं: नाव चारचौघांत आलेलं मानवत नाही, असं त्याने लिहिलं होतं, आणि त्या गुणी पोरीने ते मनावर घेतलं होतं.

“तुला लिहिण्यातलं कळतं,” चंद्रप्रकाश म्हणाला. “काय चुकलं असेल रे? पापडाच्या लेखावर मी जरा उघडं बोललो. लागलं असेल तिला. आपण काय, कारखान्यातली माणसं, बसत नाही तर नाही म्हणतो. पण पोरगी रात्र रात्र जागून लिहीत असेल.” त्याने शर्टाची बाही सरळ केली. “ही गेल्यापासून मी कुणाशी एवढं बोललो नव्हतो, शिवा. गुरुवार आला की बरं वाटायचं. आता तिला नको असेल तर नाही लिहिणार, पण तिला वाईट वाटलं असेल तर माफी मागितली पाहिजे. तू लिहून दे. तुझं लिहिणं चांगलं आहे.”

जयंती चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने चंद्रप्रकाशकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ट्रे तिने टेबलावर ठेवला आणि आत गेली. जाताना नेहमी ओढून घ्यायची तो पडदा आज तिने ओढला नाही.

“लिहितो,” शिवदास म्हणाला.

तोंडाने सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने स्वतःचा फोन घेतला आणि लिहायला बसला. बोट पहिल्यांदा जिथे गेलं तिथूनच सुरुवात झाली: ‘प्रिय अक्षता, माणसाचं मन म्हणजे एक अथांग डोह आहे.’ चंद्रप्रकाश समोर गुडघ्यांवर हात ठेवून, डॉक्टरकडे बसतात तसा बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने फोन समोर धरला.

“वाच.”

“मी कशाला? तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असेल.”

“वाच रे चंदू.”

चंद्रप्रकाशने खिशातून चष्मा काढला. तो हळू वाचायचा, ओठ हलवत. डोह झाला, मैत्रीचे धागे झाले, मग त्याचे ओठ हलायचे थांबले. तो परत वर गेला, परत तिथेच येऊन अडकला. आत जयंतीने नळ बंद केला.

“छापणार होती? माझं?”

“हो.”

“कुठे?”

“मागे. पुस्तकाच्या पाठीवर.”

“म्हणजे दुकानात ठेवलं तर दिसेल असं?”

“हो.”

“आणि हे अनवधानाने म्हणजे काय? चुकून?”

शिवदासने मान हलवली.

“चुकून नाही केलंस तू.”

“नाही.” शिवदास म्हणाला. “जळलो तुझ्यावर. सहा महिने जळतोय.”

चंद्रप्रकाश त्याच्याकडे बघत राहिला. राग यायला हवा होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्यच होतं, छत्तीस वर्षांत असला माल कधी हाताखालून गेला नाही असं. “माझ्यावर?” तो म्हणाला. “माझ्यावर कोण कशाला जळेल?” मग राग आला. तो उठला. कपातल्या चहावर साय धरली होती, त्याला त्याने हात लावला नव्हता. दाराशी जाऊन त्याने चपला घातल्या आणि तिथे थबकला. शिवदासचा फोन अजून त्याच्याच हातात होता.

त्याने पुन्हा चष्मा लावला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

“वरचं सगळं काढ,” तो म्हणाला. “डोह काढ, धागे काढ, ते अनवधान काढ. शेवटच्या दोन ओळी बसतात. तेवढ्या ठेव.”

फोन शिवदासच्या हातात देऊन तो जिना उतरला. खालून हाक आली नाही.

शिवदास दारात उभा राहून एकेक ओळ पुसत गेला. शेवटी उरलं ते असं: ‘चंद्रप्रकाशने नकार दिला नव्हता. मी त्याला विचारलंच नाही, कारण मला त्याचा हेवा वाटतो.’ त्याने ते वाचलं, आणि पाठवायच्या आधी आत जाऊन पेलाभर पाणी प्यायला. जयंती कट्ट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून बघितलं नाही. आयुष्यात एवढी दोनच वाक्यं त्याने स्वतःची म्हणून चांगली लिहिली होती. तीही ढिगातून निवडून काढायला चंद्रप्रकाश लागला, हे त्याला सोसवेना. मग त्याने ती पाठवली.